उस्मानची विहीर

उस्मान, तुला माती देऊन आल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही. सून म्हणते, "बाबा, बसा की जरा, फरशी झिजेल." मी बसतो आणि चहा निवायच्या आत पुन्हा उठतो. हे लिहितानाही तसंच चाललंय. दोन ओळी झाल्या की दारापर्यंत जाऊन येतो. तेव्हा कुठं तुटक वाटलं तर समजून घे. समजून घेण्यात तू कायम पुढं होतास, आणि मी त्याचा आयुष्यभर फायदा घेतला.

कबरस्तानात सगळे दुआ मागत होते आणि मी खड्ड्याच्या कडा बघत होतो. वर वीतभर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे, मग पिवळसर मुरूम, आणि मुरमात गोल गोटे. तुझ्या मुलीच्या, शहनाजच्या पोरानं माझा दंड धरला होता. त्याला वाटलं आजोबांना चक्कर येतेय. चक्कर नव्हती. तुला हाक मारून सांगावंसं वाटत होतं की बघ, गोटे गोल आहेत, म्हणजे पवना कधीतरी इथून वाहत असणार. हे असं बघायला मला तूच शिकवलंस. आणि त्याच वेळी दुसरंही एक सांगायचं होतं. ते राहिलं, ते राहिलंच.

पेपरात तुझ्या फोटोखाली आलं, निवृत्त फोरमन, कडक शिस्तीचे, हसतमुख. सगळं खरं आहे. पण हा उस्मान मला नंतर भेटला. पहिला वेगळा होता आणि तो तुझ्या घरातही कुणाला माहीत नाही. तो कुठं गेला हे एकट्या मला माहीत आहे.

पन्नासच्या दशकातलं आपलं चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, भुईकोटाची पडकी तटबंदी आणि तुझ्या अब्बांचं सायकलचं दुकान. हायस्कुलात आपण एका बाकावर. भूगोलाच्या तासाला पोरं डुलक्या काढायची आणि तू पुढं सरकून बसायचास. राजधान्या तुला कधी पाठ झाल्या नाहीत, त्यासाठी छड्या खाल्ल्यास. तुला हवं होतं ते निराळंच. नदी इथंच का वळली? हा डोंगर माथ्याला सपाट आणि शेजारचा टोकदार, असं का? इंद्रायणीची वाळू एकाच काठाला का साठते? सर म्हणायचे, "परीक्षेत येत नाही ते." तू म्हणायचास, "पण सर, रोज दिसतंय की ते."

रविवारी दुरुस्तीला आलेली कुणाची तरी सायकल "जरा चालवून बघतो" म्हणून तू दुकानातून काढायचास आणि थेट आमच्या महाळुंग्याला यायचास. गिऱ्हाईक अब्बांना विचारायचं, सायकल झाली का? अब्बा म्हणायचे, "झाली कधीच. पोरगं अजून तपासतंय."

भामचंद्राच्या डोंगरावर गेलो होतो तो दिवस आठवतो? मी धापा टाकत एका दगडावर बसलो आणि तू म्हणालास, "नाम्या, हलू नकोस. तू रेघेवर बसलायस."

"कसली रेघ? दगडावर बसलोय मी."

"तुझ्या उजव्या ढुंगणाखालचं पाणी भामेला जाणार. डाव्याखालचं इंद्रायणीला."

"आन पुढं?"

"पुढं दोन्ही भीमेला."

"मग एवढं चढून काय मिळालं?"

तू हसलास. उभा राहून एकेका टेकडीकडं बोट करत नावं सांगायला लागलास. काही नावं गावांनी ठेवलेली, बरीचशी तू ठेवलेली. पालथी परात. म्हातारीची दाढ. उंटाची मान. प्रत्येकीला काही ना काही झालं होतं, कुणी झिजली होती, कुणी अजून झिजायची होती, आणि तू ते घरातल्या माणसांचं सांगावं तसं सांगत होतास. मी फडक्यातली भाकरी सोडली आणि खायला लागलो. ऐकलं असतं तर आज उपयोगी पडलं असतं.

आता माझ्याबद्दल. मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले. आपल्याकडं म्हणतात, पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं. वीज पायाळूवर पडते म्हणून ढग गडगडले की आई मला घरात कोंडायची. कुणाची कंबर धरली की तो माणूस आमच्या ओट्यावर पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला पाय लावायचा. तू बाजूला उभा राहून विचारायचास, "डॉक्टर, पाय धुतलेत ना?" कुणाला विहीर घ्यायची असली की मला त्याच्या रानातून अनवाणी चालवायचे. मी चालायचो आणि कुठंतरी थांबायचो.

मला कधीच काही कळलं नाही, उस्मान. आदल्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, त्या रानाच्या मालकाशी काय बोलले ते ऐकून मी थांबायचो. नाहीतर पायात काटा मोडला की थांबायचो. पाणी लागलं तर माझं नाव, नाही लागलं तर देवाची मर्जी. नारळ दोन्ही वेळा मिळायचा. तुला हे मी सांगितलं नव्हतं. तू ओळखलं असशील, पण तू माझी तेवढी चेष्टा कधी केली नाहीस.

मग तू पुण्याच्या कॉलेजात गेलास आणि भूगोल घेतलास. माझी मॅट्रिक दोनदा हुकली आणि मी औतामागं लागलो. सुट्टीत तू आलास की आबा तुला खाट टाकायचे आणि मला म्हणायचे, "त्याला पानी आन." मी म्हणायचो, मला काही वाटत नाही. वाटत होतं.

आमच्या वरच्या माळावर काळ्या दगडांची एक ओळ होती. ओढ्यापाशी दिसायची, मग मातीत बुडायची आणि पार वर टेकाडाशी पुन्हा डोकं काढायची. गाव तिला भुताचा बांध म्हणायचं. भुतांनी बांधायला घेतला आणि कोंबडा आरवल्यावर तसाच टाकला, अशी गोष्ट होती. तू त्या ओळीवरून मला कितीदा चालवलंस. "भुतं नव्हती रे. जमिनीला भेग पडली, तिच्यातून तापलेला रस वर आला आणि उभाच्या उभा थिजला. भिंत आहे ही. मधे दिसत नाही, पण आहे."

एका साली गावच्या बाया पाण्याला इंद्रायणीपर्यंत जात होत्या. गावानं श्रमदानातून विहीर घ्यायचं ठरवलं आणि शिमग्याच्या सुट्टीत तू मारुतीच्या देवळात परात घेऊन आलास. आमच्याच घरची पीठ मळायची परात. तिच्यात वाळू उतरती थापलीस, मधोमध माझी जुनी पाटी उभी रोवलीस आणि वरच्या अंगाला तांब्यानं पाणी सोडलंस. पाटीच्या वर पाणी तटलं. खाली वाळू कोरडी.

गावात शब्द चालायचा तो तात्यांचा. ते वाकून बघत होते. म्हणाले, "आरं, पर परातीत पानी तू वतलंस. माळावर कोन वतनार?"

"पाऊस, तात्या. त्याचं ओतून झालंय. ते बांधाच्या वरच्या अंगाला तटून बसलंय. आपण तिथं खणायचं, एवढंच."

"आन न्हाई लागलं तर?"

"तर माझं नाव द्या विहिरीला."

लोक हसले. पण पटलं त्यांना. माळावर जाऊन तू बाभळीची खुंटी ठोकलीस. मग परीक्षेला पुण्याला निघालास. एस.टी.च्या पायरीवर उभा राहून मला म्हणालास, "पाडव्याला तू खुंटीपाशी उभा राहा. चार पावलं इकडंतिकडं चालेल. पण बांधाच्या खालच्या अंगाला जाऊ देऊ नकोस. वरचं अंग, नाम्या."

"कळलं रे. किती वेळा सांगशील."

मी आत्ता उठून अंगणात जाऊन आलो. इथून पुढचं लिहायचं आहे म्हणून.

पाडव्याला सगळं गाव माळावर. कुदळीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि तात्या म्हणाले, "उस्मानचं पुस्तक खरं आसंल. पर घरचा पायाळू हाय आपल्याकडं. येकदा चालू द्या की त्याला." आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी चपला काढल्या.

खुंटीपाशी थांबायचं आणि "हितंच" म्हणायचं, एवढंच काम होतं. मी थांबणारही होतो. खुंटी दोन पावलांवर आली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "थांबतंय बघा आता. कालेजवाल्यानं खुंटी ठोकून दिलीया, पायाळूला काय काम उरलंय?" माणसं हसली. आबाही हसले.

मी थांबलो नाही. चालत राहिलो, उताराला. बांध मातीखालून जिथून जात होता ती रेघ ओलांडली. ती रेघ त्या अख्ख्या गर्दीत एकट्या मला माहीत होती, कारण तू मला ती चालून दाखवली होतीस. पलीकडं गेलो, टाच रोवली आणि म्हणालो, "हितं."

तात्या खूश झाले. "बघा, दोघांचं जवळपास येकच आलं." त्यांनी तुझी खुंटी उपटली आणि माझ्या टाचेपाशी ठोकली.

मुरूम लागला, मग ठिसूळ मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. मी सगळ्यात जास्त राबलो त्या विहिरीत. सुरुंगाची भोकं पाडून हाताला फोड आले, लोक म्हणाले, दोस्तासाठी मरतंय पोरगं. मी ओल शोधत होतो. थोडी ओल आली असती तरी मी सुटलो असतो. खालचा दगड तापलेल्या तव्यासारखा कोरडा निघाला.

तू परीक्षा देऊन आलास तेव्हा काम थांबलं होतं. बांध जिथं मातीत होता तिथं उपसलेल्या दगडांचे ढीग पडले होते, माळ ओळखू येत नव्हता. तू काठावर उभा राहून बराच वेळ खाली बघितलंस. मग मला विचारलंस, "खुंटी हलली नव्हती ना रे?"

"न्हाई."

तात्या तिथंच होते. ते खोकले आणि तंबाखू मळत राहिले. पायाळू चुकला म्हटलं की गावच्या निम्म्या विहिरींवर शंका यायची. पुस्तक चुकलं म्हणणं सोपं होतं.

तू ओढ्यापर्यंत चालत गेलास. तिथून एक डोळा मिटून टेकाडाकडं रेघ धरलीस. परत आलास, पुन्हा गेलास. शेवटी माझ्यापाशी येऊन म्हणालास, "भिंत मधेच वळली असणार. मला वळण कळलं नाही." तुला डोळ्यांनी रेघ सरळ दिसत होती आणि मी सांगत होतो की खुंटी तीच आहे. दोन्ही खरं असायला भिंत वळायलाच हवी होती. म्हणून तू ती वळवलीस. मी खोटं बोलत असेन हे तुझ्या मनातही आलं नाही.

आबांनी तुला जेवून जा म्हटलं. तू जेवलास. आईनं भाकरी त्याच परातीत थापली होती.

गावानं तुझा शब्द पाळला, विहिरीला तुझं नाव दिलं. कणगी रिकामी झाली की म्हणायचे, उस्मानची विहीर झाली. कुणाचा खिसा फाटका निघाला, उस्मानची विहीर. ते चाकणच्या बाजारापर्यंत पोचलं. दुकानासमोरून जाणारी पोरं "काय विहीरवाले" म्हणून हाक मारायची आणि तू मान वर न करता पंक्चर काढायचास. जूनमध्ये तू कॉलेजला गेला नाहीस. अब्बांची नजर कमी झालीय म्हणालास. ती झालीही होती. मी ते कारण दोन्ही हातांनी धरून ठेवलं, इतकी वर्षं.

पिंपरीला औषधांचा कारखाना नवा नवा निघाला होता, तिथं तू मशिनवर लागलास. हात चांगला होता तुझा. संसार झाला, मुलं झाली. मी यायचो, तू बेअरिंगबद्दल बोलायचास, शिफ्टबद्दल, युनियनबद्दल. डोंगराबद्दल कधी नाही. एकदा मीच म्हणालो, "भामचंद्रावर जाऊ या रे." तू म्हणालास, "काय आहे तिथं? दगड आहेत." मी विषय बदलला. मला बरं वाटलं, तू विषय वाढवला नाहीस म्हणून. असला दोस्त होतो मी.

आणि तुमच्या संत तुकाराम नगरच्या बोअरचं. ते आठवलं की मी खरंच बसू शकत नाही. सोसायटीला बोअर घ्यायचं होतं. कुणी म्हणे मशिनवाला आणू, कुणी म्हणे जिऑलॉजीवाल्याला विचारू. आणि तू, परातीत पाटी रोवणारा तू, चार लोकांत म्हणालास, "मशिन कशाला? आमचा नाम्या पायाळू आहे. एकदा मी त्याच्याशिवाय विहीर काढायला गेलो होतो, तोंडावर आपटलो."

तू मला फोन करून बोलावलंस. मी आजाराचं निमित्त सांगितलं तर गाडी पाठवलीस. मला त्या पार्किंगमधून अनवाणी चालावं लागलं. मी मधेच थांबून तुझ्याकडं पाहिलं. वाटलं, आता हा हसेल, विचारेल, डॉक्टर, पाय धुतलेत ना? तू हसत नव्हतास. हात बांधून, श्रद्धेनं बघत होतास. मी थांबलो तिथं पाणी लागलं. पवनेच्या एवढ्या जवळ कुठंही लागलं असतं, हे त्या उस्माननं चटकन सांगितलं असतं. या उस्माननं मला पेढा भरवला.

तोवर मला एक पळवाट होती. वाटायचं, कुणी सांगावं, तुझ्या खुंटीवरही कदाचित कोरडंच निघालं असतं. मग आमच्या माळावर कंपन्या आल्या. बांधाच्या वरच्या अंगाला एकीनं पायाचा खड्डा घेतला आणि तो पाण्यानं भरला. पंप लावले तरी हटेना. मी कुंपणाची तार धरून उभा होतो. ठेकेदार वैतागून म्हणाला, "आजोबा, इथं तळं होतं का पूर्वी?" मी म्हटलं, "न्हाई. विहीर व्हायची होती."

त्याच दिवशी तुझ्याकडं यायला निघालो. स्टँडवर पिंपरीची गाडी लागलेली होती. मी चढलो नाही. म्हटलं, आता म्हातारपणी कशाला, झालं गेलं. ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. तू मला "नाम्या" म्हणतोस ते बंद होईल याची भीती होती.

गेल्या शनिवारी मारुतीच्या देवळात सगळं सांगितलं. ऐकायला होतं कोण? आपल्या वयाचा एकही उरला नाही. पोरं म्हणाली, "कुठली विहीर, आजोबा?" ती कधीच बुजली, तिच्यावरून कंपनीची भिंत गेलीय. पण पेट्रोल संपलं की तीच पोरं अजून म्हणतात, उस्मानची विहीर झाली. उस्मान कोण, कुणाला ठाऊक नाही. मी सांगितलं. एकानं मान हलवली, एकजण मोबाईल बघत राहिला. म्हणून हे छापायला देतोय. खुंटी बरोबर ठोकलेली होती. ती मी हलवली.

रविवारी शहनाजला सांगितलं, तुमच्या घरी, भाभींच्या समोर. ती रागावेल म्हणून मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे पाणी होतं?"

"होतं."

ती भाभींच्या कानाशी वाकली. भाभींना आता ऐकू येत नाही, म्हणून मोठ्यानं म्हणाली, "अम्मी, अब्बांनी दाखवलेल्या जागेवर पाणी होतं." भाभी माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना नीट कळलं की नाही, मला कळलं नाही.

मग शहनाज म्हणाली, "काका, आम्ही लहानपणी मुंबईला जायचो ना, खंडाळ्याचा घाट आला की अब्बा खिडकीची जागा सोडून आतल्या सीटवर बसायचे. डोळे मिटून घ्यायचे. आम्हाला वाटायचं त्यांना गरगरतं. अम्मी लिंबू घेऊन यायची."

मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. उठलो. ती म्हणाली, "कुठं निघालात? मला दाखवा ती जागा."

तिच्या पोराच्या गाडीनं गेलो. माळ कुठं राहिलाय, सगळे पत्रे आणि फाटकं. पण रस्ता रुंद करताना वरचं टेकाड कापलंय, आणि त्या कापलेल्या अंगात तुझी भिंत उभी आहे. पिवळ्या मुरमात काळी, वरपासून खालपर्यंत, कुणी ओळंब्यानं बांधावी तशी. खाली ओढ्यापाशी तिचं दुसरं टोक अजून दिसतं. मी शहनाजला ओढ्यात उभं केलं आणि सांगितलं, "एक डोळा मिट. आता टेकाडाकडं रेघ धर."

तिनं डोळा मिटला. मिटताना तिचं तोंड तुझ्यासारखंच वाकडं झालं.

"सरळ आहे, काका," ती म्हणाली. "कुठंच वळत नाही."

येताना ती खिडकीशी बसली. चाकण मागं पडलं तसे डोंगर दिसायला लागले. "तो माथ्याला सपाट आहे तो?"

"पालथी परात. तुझ्या अब्बांनी ठेवलेलं नाव."

"आणि त्याच्या शेजारचा?"

"म्हातारीची दाढ."

"आणि त्या दोघांच्या मागं, तो लांबट?"

मला आठवेना. मी त्या वेळी भाकरी खात होतो.

"आणि तो?"

"तोही नाही आठवत, पोरी."

"असू दे," ती म्हणाली, आणि काच खाली करून त्याच्याकडं बघत राहिली.